मशीनवर आकडा आला ४२. आता पुढचा क्रम काय?

वाढेफाटा

गावोगावच्या यात्रा सुरू झाल्यात. दिवस मावळला की वाढे फाट्यापासून अंकलीपर्यंत कुठंही दारू पिऊन चालवणाऱ्यांना पकडायला, श्वास तपासायचं मशीन घेऊन बॅरिकेड लागलेलं दिसेल. त्याच्या जोडीला व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीचे निरोपही फिरायला लागलेत: ‘दहा हजाराचं चलन ऑनलाइन भरा, विषय संपला’, ‘लोकअदालतीत निम्म्यात मिटतं’, ‘फुंकायलाच नकार द्या, पुरावा राहत नाही’. तिन्ही खोटे आहेत असं मला वाटतं, पण नुसतं वाटून उपयोग नाही.

एक ठरावीक उदाहरण घेऊ. खाजगी चारचाकी, वैध लायसन्स, अपघात नाही, पहिलीच वेळ, मशीनवर आकडा ४२. त्या क्षणापासून लायसन्स परत हातात येईपर्यंत काय काय होतं, कुठल्या कलमाखाली, आणि लोक कुठं चुकतात? कलम-नियम माहीत असणाऱ्यांनी लिहा. ‘आमच्या मेव्हण्याला साहेबांनी सोडलं’ छापाचे किस्से इथं नकोत, त्यांना ‘चहाची टपरी’ हा गप्पांचा विभाग आहे.

वडाप

टपरी बंद झाली की किस्से कुठं टाकायचे राव?

खटावकर

वाढेफाटा, तिन्ही निरोप खोटेच आहेत. कारणासकट सांगतो.

मूळ कलम मोटार वाहन कायदा १९८८ चं १८५. दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेऊन गाडी चालवली, किंवा चालवायचा प्रयत्न केला, तर गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. हे आकडे १ सप्टेंबर २०१९ पासूनचे. त्याआधी पहिल्या वेळचा दंड २,००० पर्यंत होता, आणि दुसरी वेळ ३ वर्षांच्या आत आली तरच ती ‘दुसरी’ धरली जायची. ती ३ वर्षांची अट काढून टाकली आहे. म्हणजे जुनी शिक्षा आता शिळी होत नाही.

ऑनलाइन भरण्याबद्दल: जागेवर तडजोड शुल्क घेऊन कुठले गुन्हे मिटवता येतात ते कलम २०० मध्ये दिलंय. हेल्मेट, सिग्नल, सीटबेल्ट वगैरे. त्या यादीत १८५ नाही. त्यामुळं ई-चलनाच्या मशीनमधून नोंद झाली तरी ती रक्कम पोलीस घेऊ शकत नाहीत. प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाणार आणि दंड न्यायालयच ठोठावणार.

लोकअदालतीचंही तेच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १९(५): जो गुन्हा तडजोडीला पात्र नाही तो लोकअदालतीच्या अधिकारात येतच नाही. ‘चलन निम्म्यात’ हे निरोप सिग्नल-हेल्मेटवाल्यांसाठी असतात.

तिसऱ्या निरोपावर दुसरं कुणी लिहील, मला टायपायचा कंटाळा आला.

कृष्णाकाठ

तिसरा मी घेतो. नकार देणं हाच सगळ्यात महागडा सल्ला आहे.

कलम २०३ खाली गणवेशातला पोलीस किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी सार्वजनिक जागेत वाजवी संशयावरून श्वासाचा नमुना मागू शकतो. नाही म्हटलं आणि चालकात अल्कोहोल असल्याचा वाजवी संशय असेल तर त्याच कलमाखाली वॉरंटशिवाय अटक करता येते. मग ठाण्यात नेऊन कलम २०४ खाली नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्त घ्यायला सांगता येतं. तिथंही नाही म्हटलं तर कलम २०५ पुढं येतं: सबळ कारणाशिवाय दिलेला नकार हा चालकाच्या त्या वेळच्या अवस्थेबद्दल त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला पाठबळ म्हणून धरता येतो. म्हणजे नळी तोंडात घातली नाही म्हणून तोंड बंद राहिलं असं होत नाही.

अजिंक्यतारा पायथा

दोन तासांचा मुद्दा कुणीच घेतला नाही. कलम २०२ च्या परंतुकाप्रमाणं (कलमाला जोडलेल्या ‘परंतु’च्या अटीप्रमाणं) १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर केस संपली. खंबाटकीत ट्रॅफिक तुंबलं की दोन तास असेच जातात.

कृष्णाकाठ

अजिंक्यतारा, अर्धंच बरोबर. दोन तासांत तपासणी झाली नाही तर ‘कोठडीतून सोडावं’ असं परंतुक सांगतं. खटला रद्द होतो असं कुठंही म्हटलेलं नाही. मशीनची पावती हातात असेल तर ती कलम २०३ खाली स्वतंत्रपणे पुराव्यात ग्राह्य आहे. सुटका आणि निर्दोषत्व यांत फरक आहे. वकिलाला उलटतपासणीला मुद्दा मिळतो, इतकंच.

तासगावी बेदाणा

आकड्याबद्दल कुणी बोलेना. ४२ म्हणजे नेमकं काय? काही मशीनवर ०.०४२ दिसतं, काहींवर ०.२०.

मिरज जंक्शन

बेदाणा, हा प्रश्न चांगला आहे, कारण निम्मे वाद एककाच्या गोंधळातनं होतात.

कायद्याचं माप रक्तातलं, मशीन मोजतं फुप्फुसातली हवा. दोन्हीची सांगड २१०० ला १ या गुणोत्तरावर घातलेली असते, म्हणजे २१० लिटर श्वासात जेवढं अल्कोहोल तेवढंच १०० मिलिलिटर रक्तात, असं धरून. त्या हिशेबानं:
४२ मिलिग्रॅम दर १०० मिलि = ०.०४२ टक्के = दर लिटर श्वासाला ०.२० मिलिग्रॅम. तिन्ही एकच.
कायद्याची रेषा ३० = ०.०३० टक्के = दर लिटर श्वासाला साधारण ०.१४.
त्यामुळं ०.२० बघून ‘हे तर ३० च्या कितीतरी खाली’ म्हणत हुज्जत घालू नका. आणि उलट बाजूनं, पावतीवर एकक छापलेलंच नसेल तर ती त्रुटी न्यायालयात जरूर दाखवा.

चाचणी नीट झाली का हे बघायच्या गोष्टी: नळी सीलबंद पुड्यातून समोर काढलेली असावी. फुंकायच्या आधी मशीननं रिकाम्या हवेला शून्य दाखवलं पाहिजे. फुंक लांब आणि एकसंध लागते, कारण सुरुवातीची हवा तोंडातली असते, खोल फुप्फुसातली नंतर येते. शेवटचा घोट, माउथवॉश, ढेकर किंवा उलटी झाल्यापासून १५ मिनिटं गेलेली असावीत, नाहीतर तोंडात राहिलेलं अल्कोहोलच मोजलं जातं आणि आकडा फुगतो. खोकल्याच्या औषधानं किंवा होमिओपॅथीच्या थेंबांनी ‘आलंय’ म्हणणाऱ्यांनी १५ मिनिटं थांबून दुसरी चाचणी मागावी. तोंडातलं असेल तर तेवढ्यात आकडा धाडकन पडतो, पोटातलं असेल तर पडत नाही. दुसरी चाचणी हा लिखित हक्क नाही, विनंती आहे. पण विनंती केल्याची नोंद करून घ्या.

पावतीवर तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक, चाचणी क्रमांक, आकडा, गाडी नंबर आणि दोन्ही सह्या. मशीन शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं (अचूकता तपासून जुळवलं) हे पावतीवर नसलं तर ठाण्याच्या नोंदीत असतं, वकील ते मागवू शकतो.

वडाप

कच्चा कांदा, वेलदोडा, पान, कोथिंबीर. यातलं काय चालतं?

मिरज जंक्शन

भेळेत सगळंच चालतं. मशीनला वास येत नाही, ते अल्कोहोलचा रेणू मोजतं. कांद्यानं फक्त हवालदार दोन पावलं मागं सरकतो.

कोयनावेळ

मशीन बंद पडलेलं किंवा नसलेलं असेल तर? नुसता वास, लाल डोळे, झोकांड्या एवढ्यावर शिक्षा होते का?

खटावकर

कोयनावेळ, १८५ च्या पहिल्या भागात ३० मिलिग्रॅमचा आकडा सिद्ध करायचा आहे. वासाला आकडा नसतो. बच्चूभाई करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दारूबंदी कायद्याच्या संदर्भात म्हटलंय की वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेली बुबुळं एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निश्चित निष्कर्ष निघत नाही, रक्त किंवा लघवीची तपासणी हवी. बचावाचे वकील तोच निकाल इथं पुढं करतात.

गांजा-गोळ्यांची गोष्ट वेगळी. १८५ च्या दुसऱ्या भागात आकडा नाही, ‘गाडीवर योग्य ताबा ठेवू शकणार नाही इतपत’ अंमल असावा लागतो. तिथं डॉक्टरांचं निरीक्षण जास्त महत्त्वाचं.

विश्रामबाग ७

रक्ताच्या नमुन्याबद्दल थोडं सविस्तर, कारण खटले तिथंच फुटतात.

सुई टोचायची जागा स्पिरिटनं पुसायची नाही. साबण-पाणी किंवा साधं डिस्टिल्ड वॉटर. हातच स्पिरिटनं पुसला तर बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत. नमुना साधारण ५ मिलि, कुपीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट घातलेलं. फ्लोराइड जंतूंची वाढ थांबवतं, कारण उन्हाळ्यात रक्त आंबून त्यात अल्कोहोल तयार होऊ शकतं. ऑक्झलेट गोठू देत नाही. कुपी घट्ट बंद, वर लाख, सील, नमुना घेणाऱ्याची सही, वेळ. मग ती न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते आणि तिथून येतो तो सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. कुपी कुणी, कधी, कुठल्या फ्रिजमधून कुठं नेली याची साखळी कागदावर तुटता कामा नये. मे २०२४ च्या पुण्याच्या प्रकरणात नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, तेव्हापासून न्यायालयंही या साखळीकडं डोळे वटारून बघतात.

महिला चालक आणि पुरुष डॉक्टर असेल तर नमुना घेताना दुसरी स्त्री हजर हवी, हे कलम २०४ मध्येच आहे. अपघातातला जखमी वॉर्डात दाखल असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नाही हे आधी बघावं लागतं.

सातारी कंदी

ऊस गाळपाच्या दिवसांतले डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर यात येतात का? रात्री कराड-इस्लामपूर पट्ट्यात रिफ्लेक्टरशिवाय चाललेले असतात.

खटावकर

ट्रॅक्टर मोटार वाहनच आहे. १८५ जसंच्या तसं लागू.

वडाप

आणि बैलगाडी?

खटावकर

यांत्रिक शक्ती नाही, म्हणून मोटार वाहन नाही, म्हणून १८५ नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकारपणे ‘कुठलंही वाहन’ हाकणं, लागतं: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० पर्यंत दंड. शिवाय दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी त्रास दिला तर कलम ३५५: २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० पर्यंत दंड, किंवा समाजसेवा. बैलाला काही होत नाही.

वडाप

बैल शुद्धीत असतो, तोच घरी नेतो. १८५ ची गरजच नाही.

तासगावी बेदाणा

२५ किलोमीटरच्या वर न जाणारी छोटी ई-स्कूटर?

कृष्णाकाठ

२५० वॉटपर्यंतची मोटर आणि कमाल २५ चा वेग, वजनाची अट पाळून मान्यता मिळालेली असेल तर ती नियमांप्रमाणं मोटार वाहनात धरत नाहीत. लायसन्स नाही, नोंदणी नाही, म्हणून १८५ पण नाही. पण कारखान्याबाहेर वेग वाढवून घेतलेली गाडी या सवलतीत बसत नाही, आणि रस्त्यावर त्याच जास्त दिसतात.

अजिंक्यतारा पायथा

धागा बैलगाडीवर गेला. मूळ उदाहरणाकडं या. गाडीचं काय होतं? जप्त?

कृष्णाकाठ

१८५ मध्ये गाडी सरकारजमा करायची तरतूद नाही. अटक केली तर कलम २०२ खाली गाडीची तात्पुरती व्यवस्था लावायची. शुद्धीतला, लायसन्सवाला माणूस बरोबर असेल किंवा बोलावला तर गाडी त्याच्या ताब्यात देता येते. तेलंगणा उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलंय. तो निकाल आपल्याकडं बंधनकारक नाही, पण तर्क तोच. कुणीच नसेल तर गाडी ठाण्याच्या आवारात लागते, आणि आत लॅपटॉप-दागिने काय आहे याची यादी करून पोच घ्यावी.

बरोबर बसलेल्यावर १८५ लागत नाही. पण चालक झिंगलेला आहे हे माहीत असून त्याच्या हातात किल्ली दिली तर कलम १८८, म्हणजे चिथावणी किंवा साहाय्य: शिक्षा चालकाइतकीच. गाडीमालकांनी आणि ट्रान्स्पोर्टवाल्यांनी हे कलम भिंतीवर लावावं. आणि दारू प्यायचा परवाना खिशात असला तरी १८५ पुढं त्याचा उपयोग शून्य. तो प्यायचा आहे, चालवायचा नाही.

विश्रामबाग ७

दहा हजारावर सगळे अडकलेत. खरा खड्डा विम्याचा आहे.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या पॉलिसीत ‘मादक पदार्थाच्या अंमलाखाली चालवत असल्यास देणं लागत नाही’ अशी अट असतेच. बाराशे रुपयांचं दार असो नाहीतर बारा लाखांची गाडी. वर खटावकर म्हणाले तसं फौजदारीत आकडा लागतो. पण विम्याचा वाद दिवाणी स्वरूपाचा, तिथं शक्यतेच्या पारड्यावर निर्णय होतो. एप्रिल २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की श्वास किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून विमा कंपनी नशा सिद्ध करू शकते. २००७ चा दिल्लीतला अपघात होता, कंपनीला पैसे द्यावे लागले नाहीत. म्हणजे ज्या वासावर दंडाधिकारी निर्दोष सोडतील त्याच वासावर क्लेम जाऊ शकतो.

समोरच्याची भरपाई आणखी बिकट. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १५० मध्ये विमा कंपनीच्या बचावांच्या यादीत १८५ नुसार दारूच्या अंमलाखाली चालवणं आता थेट लिहिलेलं आहे. जखमी माणूस उपाशी राहू नये म्हणून ‘आधी कंपनीनं भरावं, मग मालक-चालकाकडून वसूल करावं’ असे आदेश होतात. वसूल करावं म्हणजे सातबारावर बोजा आला असं समजा.

कोयनावेळ

+१. आणि कुणी मेला तर?

खटावकर

१ जुलै २०२४ नंतरच्या अपघाताला भारतीय न्याय संहिता. निष्काळजीपणानं मृत्यू: कलम १०६(१), ५ वर्षांपर्यंत. पळून गेल्यास १० वर्षं म्हणणारं १०६(२) संहितेत आहे, पण ट्रकचालकांच्या संपानंतर ते लागू करणं थांबवलं. नशा आणि परिणामाची जाणीव सिद्ध झाली तर सदोष मनुष्यवध, कलम १०५, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०४. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले ७ मजूर गेले, त्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ३०४ भाग दोन खालची ३ वर्षांची शिक्षा कायम ठेवली. ‘गाडी चालवताना चूक झाली’ आणि ‘हे होईल याची जाणीव होती’ यामधली रेषा दारूनं ओलांडली जाते, असा त्याचा सार.

सातारी कंदी

रात्री घेतली, झोप काढली, सकाळी मुलांना शाळेत सोडायला निघाला. हा पकडला जातो का? हिशेब कुणाला येतो?

मिरज जंक्शन

येतो, पण ‘साधारण’ हा शब्द प्रत्येक ओळीत धरून वाचा.

व्हिस्की-रमची ४२.८ टक्क्यांची बाटली धरा. ३० मिलिच्या पेगात १० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषात ते रक्ताचा आकडा २१ ने वाढवतं. म्हणजे ६० मिलि = ४२, आपल्या धाग्याचाच आकडा! ५५ किलोच्या बाईत एकच ३० मिलि जवळपास ३३ पर्यंत नेऊ शकतो. ६५० मिलिची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर त्या ७० किलोवाल्यात ८५ च्या वर. ‘बिअरच तर आहे’ हे वाक्य इथं मरतं.

क्वार्टर, १८० मिलि: १२८ च्या घरात. यकृत तासाला सरासरी १५ उतरवतं. १२८ वरून ३० ला यायला साडेसहा तास. रात्री साडेनऊला पहिला घोट घेतला असेल तर पहाटे चार. पण हाच माणूस हळू उतरवणारा असेल, तासाला १०, तर सकाळी सात वाजून गेलेले. आणि शाळेची बस त्याआधी. काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, मिसळ यांनी जाग येते, यकृताचा वेग तोच राहतो. भरल्या पोटी घेतली तर शिखर थोडं बुटकं, एवढाच फायदा.

अजिंक्यतारा पायथा

हे चांगलंय. कास-यवतेश्वरला जाऊन ‘दोन तासांनी उतरू’ म्हणणाऱ्यांना दाखवतो. दोन तासांत ३० उतरतात फक्त.

वाढेफाटा

आता माझ्या मूळ प्रश्नाचा शेवट राहिला. न्यायालय आणि लायसन्स. ४२ वाला माणूस समन्सवर हजर राहिला, पुढं?

कृष्णाकाठ

गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळं जामिनाची अडचण नाही. दंडाधिकारी आरोप वाचून विचारतात, कबूल का? बहुतेक लोक कबूल म्हणून दंड भरून बाहेर येतात, आणि तीच जागा विचार करायची. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढच्या वेळी २ वर्षं आणि १५,००० वालं कलम त्याच कागदावर उभं राहतं. पोलीस भरती, सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ‘कधी शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात ती लिहावी लागते, लपवली तर ते वेगळं प्रकरण. कबूल नसेल तर खटला चालतो: पावती, मशीनची नोंद, पंच, सीए रिपोर्ट. ४२ म्हणजे रेषेच्या जवळचा आकडा, तिथं एकक, १५ मिनिटं, कॅलिब्रेशन यांना वजन येतं. १४२ असेल तर उगाच तारखा वाढवू नका.

लायसन्सचा रस्ता न्यायालयापासून वेगळा चालतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. कलम २०६(४): १८५ चा संशय असेल तर पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडं पाठवतात. साताऱ्याचं एमएच ११, कराडचं ५०, सांगलीचं १०, ज्याचं त्याचं कार्यालय. तिथून नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते. मग कलम १९(१क): पहिल्या वेळी ३ महिने निलंबन, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. निलंबनानंतर उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील आहे. नोटिशीला उत्तरच न देणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण मग एकतर्फी आदेश होतो आणि ३० दिवस कधी सुरू झाले तेच कळत नाही. पत्ता बदलला असेल तर आधी लायसन्सवरचा पत्ता बघा.

आणि त्या ३ महिन्यांत गाडी चालवली तर कलम १८२: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. डिजिलॉकरमध्ये लायसन्स दिसतं म्हणून चालवू नका, सारथीवर (परिवहन खात्याच्या लायसन्स पोर्टलवर) निलंबन नोंदलं की मामांच्या मशीनवर ते दिसतं.

तासगावी बेदाणा

वडापवाल्यांना, म्हणजे शेअर जीप चालवणाऱ्यांना, ३ महिने म्हणजे पोटावर पाय.

कृष्णाकाठ

हो. त्यासाठी कायद्यात वेगळी सवलत नाही. खाजगी चालक आणि व्यावसायिक चालक दोघांनाही ३० चीच रेषा.

वाढेफाटा

धन्यवाद मंडळी. २०६(४) आणि १५० मला नवीन होतं. धागा वर राहू द्या, यात्रा अजून आहेत.

वडाप

सगळं समजलं. आता सातारा स्टँडवरनं कराडला शेवटची एसटी कितीला, तेवढं सांगा.

खटावकर

तो ‘प्रवास’ विभागात वेगळा धागा आहे. पाच वर्षं भांडण चाललंय तिथं.